मुंगळ्यांचा निरोप

तीन वर्षांपूर्वीची नागपंचमी. बाहेर धो धो पाऊस आणि आत पातोळ्यांची गडबड. हळदीची पानं धुऊन-पुसून ठेवलेली. गूळ-खोबऱ्याचं चून परातीत निवत ठेवलं आणि मी नागोबाला दूध-लाह्या दाखवायला देवघरात गेले. फार तर पंधरा मिनिटं झाली असतील. परत येऊन पाहते तर परातीची कड काळीकुट्ट! मुंगळेच मुंगळे. ‘गुळाला मुंगळे चिकटावेत तसे’ असं आपण सहज बोलून जातो, त्या दिवशी ते डोळ्यांनी पाहिलं.

मी केरसुणी उचलली तशी मागून सासूबाई म्हणाल्या, “अगं, आज नागपंचमी! आज चिरायचं नाही, खणायचं नाही आणि कुणाला मारायचं तर अजिबात नाही. सकाळी वारुळाची पूजा करायची आणि दुपारी वारुळातल्यांना झोडपायचं?”

मी गप्प बसले. परात उचलून पडवीत नेऊन ठेवली आणि उरलेल्या खोबऱ्याचं थोडं चून नव्याने केलं. पण मनात म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या बघते तुमच्याकडे!

आमचं घर कोकणातलं, तालुक्याच्या गावचं. जुनं, कौलारू, लाकडी चौकटींचं. घरात सासूबाई, आम्ही दोघं, मुलं, धाकटे दीर, जाऊ आणि त्यांचं तेव्हाचं सव्वा वर्षाचं बाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी माळा धुंडाळला आणि हवा होता तो डबा मिळाला. परसातल्या भाजीवर मारायला आणलेली किडीची पावडर त्यात होती. मूळ पाकीट फाटलं म्हणून मीच ती एका रिकाम्या डब्यात ओतली होती. डब्यावर ना नाव, ना गाव. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीपासून ओट्याच्या पायथ्यापर्यंत मी छान पांढरी रेघ ओढली. मुंगळे सैरावैरा धावले आणि तासाभरात पटापट मेले. मी केर भरला आणि लढाई जिंकल्याच्या थाटात चहा घेतला. रेघ मात्र पुसली नाही. म्हटलं, आणखी येतील ते मरतील.

दुपारी जाऊ मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. बाळ नुकतंच धरून उभं राहायला शिकलं होतं. ते रांगत आलं, चौकट धरून उभं राहिलं, पुन्हा बसलं आणि नेहमीसारखा हात तोंडात घातला. मी पाहिलं तेव्हा त्याचे दोन्ही तळवे पांढरे झाले होते.

अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या. रिक्षा करून दवाखान्यात धावलो. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “पावडर कोणती? पाकीट आणलंय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. बी.ए. झालेली बाई मी. बचत गटाच्या बैठकीत इतर बायकांना ‘औषधावरचं नाव वाचून घेत जा गं’ म्हणून सांगणारी! ती रात्र बाळाने दवाखान्यात काढली आणि आम्ही सगळ्यांनी बाकड्यावर. सकाळी ते उठून हसलं तेव्हा कुठे जिवात जीव आला. जाऊ मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

आणि मुंगळे? चौथ्या दिवशी परत हजर, त्याच वाटेने.

तेव्हा मला पहिल्यांदा तो प्रश्न पडला, जो खरं तर पावडरीआधी पडायला हवा होता. हे येतात कुठून? आणि आपल्याच घरात का?

नावच सुतार मुंगी

त्या आठवड्यात न्यू जर्सीहून नणंदेचा फोन आला. बाळाची चौकशी झाली, मग मुंगळ्यांचा विषय निघाला. ती म्हणाली, “वहिनी, तुमच्याकडे मुंगळे गुळावर येतात. इकडे त्यांची खरी भीती घराला असते. इकडची घरं लाकडाच्या सांगाड्याची. घर विकत घेताना लाकूड पोखरणाऱ्या किड्यांची तपासणी करून घ्यायची इकडे पद्धत आहे. वाळवी तर असतेच, पण एक मोठी काळी मुंगीसुद्धा असते. तिला म्हणतात कार्पेंटर अँट, म्हणजे सुतार मुंगी. तुमचा मुंगळा तिचाच भाऊबंद.”

मला गंमत वाटली. मुलीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकापासून सुरुवात केली आणि मिळेल ते वाचत गेले. नणंदेचं म्हणणं खरं होतं. आपण ज्याला मुंगळा म्हणतो, कुठे कुठे डोंगळा म्हणतात, तो आणि अमेरिकेतली सुतार मुंगी एकाच कुळातले. शास्त्रात त्या कुळाला ‘कॅम्पोनोटस’ म्हणतात. जगभरात त्याच्या हजाराहून जास्त जाती आहेत. एकाच वारुळात लहान, मध्यम आणि मोठ्या डोक्याचे असे वेगवेगळ्या मापाचे मुंगळे दिसतात ना? ते वेगळे नाहीत, एकाच घरचे. मुंगळ्याला गांधील माशीसारखी नांगी नसते. तो जबड्याने चावतो आणि पोटाच्या टोकातून त्या जागी आम्ल सोडतो, म्हणून आग होते.

आता महत्त्वाचं. सुतार मुंगी लाकूड खात नाही. लाकूड पचवणं तिला जमतच नाही. तिचं खाणं म्हणजे गोड पदार्थ, मेलेले किडे आणि झाडावरच्या माव्याच्या अंगातून पाझरणारा गोड रस. लाकूड ती फक्त कोरते, आत राहायला जागा करण्यासाठी. कोरलेला भुसा बाहेर आणून टाकते. आपण घर झाडून केर बाहेर टाकतो, अगदी तसंच. आणि कोरायला ती बहुधा ओलं, बुरशीने मऊ झालेलं लाकूड पसंत करते. खणखणीत कोरड्या लाकडावर कष्ट कोण करील?

आपल्याकडचा मोठा काळा मुंगळा तर बहुतेक वेळा जमिनीतच, झाडाच्या मुळाशी घर करतो. पण याच कुळातल्या काही जाती कुजक्या लाकडात, ओंडक्यात, चौकटीच्या भेगांत राहतात. म्हणजे मुंगळा दिसला की घर पोखरलं असं नाही. पण मुंगळे घरात रोज, एकाच जागेतून येऊ लागले तर ती जागा बघायलाच हवी.

माझी पावडर का हरली तेही कळलं. वारुळातले थोडेसेच मुंगळे खाणं आणायला बाहेर पडतात. राणी, पिल्लं आणि बाकीची मंडळी आतच असतात. मी मारले ते बाजारहाट करणारे, घर शाबूतच राहिलं. शिवाय या मुंग्यांची एक मुख्य वसाहत असते आणि ती मोठी झाली की आसपास उपवसाहती निघतात. राणी आणि अंडी मुख्य घरात, कारण त्यांना ओलावा लागतो. मोठी पिल्लं आणि कोष उपघरांत हलवले जातात. म्हणजे तुमच्या चौकटीत राहणारे मुंगळे एखाद्या वेळी अंगणातल्या बुंध्यातल्या घराची शाखा असतात! एक फोडून भागत नाही.

रात्रीची बॅटरी

नणंदेने एक युक्ती सांगितली होती. या मुंग्या रात्री जास्त फिरतात, तेव्हा रात्री शोध घ्यायचा. त्यांना लाल उजेड नीटसा दिसत नाही. म्हणून बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद रबराने बसवला. गुळाचा खडा ओट्याखाली ठेवला आणि घर झोपल्यावर मी आणि जाऊ दोघी पाट टाकून बसलो. दवाखान्यातून आल्यापासून आम्ही दोघी अशा शेजारी बसलोच नव्हतो. पहिला अर्धा तास कुणीच बोललं नाही. मग तीच हळूच म्हणाली, “ताई, तो बघा, निघाला घरी.”

गुळाने पोट भरलेला मुंगळा रमतगमत नाही, सरळ घरी जातो. त्याच्यामागे आमची बॅटरी. ओट्याच्या कडेने, भिंतीच्या कोपऱ्यातून तो गेला स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या चौकटीपाशी. जमिनीपासून वीतभर उंचीवर एक बारीक फट होती, तीत शिरला. फटीखाली रव्यासारख्या भुशाची लहानशी रास. रोज सकाळी मी ती झाडत होते आणि कुठून येते याचा विचारही करत नव्हते! भुशात किड्यांचे तुटके पाय आणि पंखही होते.

दुसऱ्या दिवशी सुतारमामांना बोलावलं. त्यांनी हातोडीच्या दांड्याने चौकट वरपासून खालपर्यंत ठोकत आणली. वर टणक आवाज, खाली पोकळ. मग पटाशी टेकवून नुसती दाबली, तर ती दोन इंच आत गेली. लाकडाचा तुकडा निघाला तो आतून एकावर एक मजले असल्यासारखा. गुळगुळीत, स्वच्छ, जणू पॉलिश पेपर मारलेला. आतून मुंगळे पांढरे दाणे तोंडात धरून पळत सुटले. आपण त्यांना अंडी म्हणतो, ती खरं तर पिल्लं आणि कोष.

मी म्हटलं, “मामा, किती खाल्लंय हो यांनी!”

मामा म्हणाले, “वहिनी, मुंगळ्यांनी काय खाल्लं नाय. पाण्याने खाल्लं. हे नुसते भाड्याने राहायला आले.”

मग त्यांनी न्हाणीघराच्या बाजूने हात लावून दाखवला. नळाचा जोड भिंतीच्या आत पाझरत होता. किती दिवस, कुणास ठाऊक. वरून रंग ठीक, आत सगळी ओल. त्या ओलीने लाकूड कुजलं आणि कुजलेलं लाकूड मुंगळ्यांना मिळालं. मी भांडत होते भाडेकरूंशी आणि गळत होता माझाच नळ.

नळाचा जोड बदलला. भिंत सुकायला दसरा उजाडला. मग मामांनी चौकटीचा खालचा दोन फुटांचा तुकडा कापून तिथे सागाचा तुकडा जोडला आणि खाली सिमेंटची लहानशी उंची दिली, म्हणजे लाकूड ओल्या फरशीला टेकायला नको. मुंगळ्यांचा तुकडा सासूबाईंच्या सांगण्यावरून कुंपणापाशी नेऊन ठेवला. तरी काही दिवस दोन-चार मुंगळे येतच होते. मागे लागलो तर वाट निघाली परसात, भिंतीला लागून असलेल्या, कापलेल्या आंब्याच्या कुजक्या बुंध्यापर्यंत. ते मुख्य घर! बुंधा उपटून लांब नेला, तेव्हा वर्दळ थांबली.

वाळवी की मुंगळे?

ही माझ्या घरची गोष्ट इथेच संपली असती. पण पुढच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका मावशींनी बारा हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, “घराला वाळवी लागली. औषध मारणारा येऊन बघून गेला. म्हणाला, आता नाही मारलं तर छप्पर खाली येईल.” मावशी एकट्या, मासळी विकून घर चालवणाऱ्या. बारा हजार फेडायला त्यांना वर्ष लागलं असतं. मी म्हटलं, “कर्ज अडवत नाही मावशी, पण आधी बघू या.”

मैत्रिणींनो, इथे जे बघायचं ते साधं आहे आणि ते प्रत्येकीला यायला हवं.

घरात बहुधा दिसणारी वाळवी मातीशिवाय चालत नाही. भिंतीवर, वाशावर मातीच्या पेन्सिलीएवढ्या नळ्या ओढत ती येते आणि त्या नळ्यांच्या आतून फिरते. तिने खाल्लेलं लाकूड फोडलं तर आत माती भरलेली असते. ती लाकूड खरोखर खाते, म्हणून बाहेर भुसा टाकत नाही. मुंगळ्याचं उलट. माती नाही, पोकळी स्वच्छ आणि खाली भुशाची रास.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले येतात, तेव्हाही फरक करता येतो. मुंगीची कंबर बारीक, चिमटीत धरल्यासारखी. तिच्या मिशा कोपरासारख्या मोडलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांहून मोठे. वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या आणि चारही पंख सारख्या लांबीचे. सकाळी दिव्याखाली नुसत्या सारख्या पंखांचा खच पडला असेल तर ती वाळवी. आपण वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हणतो खरं, पण नातं पाहायला गेलं तर ती मुंगीची कुणीच नाही. ती झुरळाच्या गोतावळ्यातली. मुंगीचे नातलग म्हणजे मधमाशी आणि गांधील माशी.

मावशींच्या घरी वाशाखाली भुसा होता, मातीचा मागमूस नव्हता. वर पाहिलं तर परसातल्या फणसाची फांदी छपरावर टेकलेली, तिच्या घासण्याने दोन कौलं सरकलेली आणि तिथून वाशावर दोन पावसाळे पाणी ठिबकत होतं. फांदी हाच मुंगळ्यांचा पूल. फांदी तोडली, कौलं बसवली, एक वासा बदलला. सामान आणि मजुरी धरून चार हजारांच्या आत काम झालं. गटाने तेवढंच कर्ज दिलं.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगते. त्याच वाडीत दुसऱ्या एका घरी गेलो, तिथे कपाटामागे मातीच्या नळ्या सरळ आढ्यापर्यंत गेलेल्या. ती खरी वाळवी. तिथे घरगुती उपायांत वेळ घालवू नका असं मीच सांगितलं. वाळवीचं औषध जाणकारानेच मारायला हवं. हा धंदा करायला कीटकनाशक कायदा, १९६८ खाली परवाना लागतो. तो दाखवा म्हणायला लाजू नका. कुठलं औषध मारणार, त्याचं नाव कागदावर लिहून घ्या. आणि ‘कुठे लागलीय ते दाखवा’ असं म्हणा. दारातूनच बघून जो रक्कम सांगतो, त्याला चहा द्या आणि निरोप द्या.

मग करायचं काय?

एक, ओल शोधा. न्हाणीघर, मोरी, पाण्याच्या टाकीखालची भिंत, खिडकीची खालची चौकट, पागोळ्या जिथे पडतात तिथलं लाकूड. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, हातोडीच्या किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने लाकूड ठोकून बघा. पोकळ वाजलं की थांबा आणि सुताराला दाखवा. शांत वेळी लाकडाला कान लावला तर मोठ्या वसाहतीची खसखससुद्धा ऐकू येते.

दोन, पूल तोडा. छपराला, भिंतीला टेकलेल्या फांद्या आणि वेली छाटा. जळाऊ लाकडाची मोळी भिंतीला टेकवून ठेवू नका. जमिनीपासून उंच, घरापासून चार पावलं लांब ठेवा. कापलेल्या झाडाचा बुंधा घरालगत कुजू देऊ नका.

तीन, मावा बघा. जास्वंदीवर, कढीपत्त्यावर मुंगळे वर-खाली करताना दिसतात ना? ते झाडासाठी नाही, माव्यासाठी आणि पिठ्या ढेकणासाठी. त्यांचा गोड रस हे मुंगळ्यांचं दुभतं! मुंगळे त्यांची राखणही करतात. खिडकीजवळच्या कुंडीवर मावा असेल तर पातळ साबणाचं पाणी फवारा, दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने धुवा. दुभतं गेलं की गवळी येत नाहीत.

चार, वाट पुसा. मुंग्या वासाच्या खुणेवर चालतात. नुसते मुंगळे झाडले तर खूण तशीच राहते आणि मागचे त्याच वाटेने येतात. साबणाच्या पाण्याने ती पूर्ण वाट पुसून काढा. मग फटी पुट्टीने किंवा सिमेंटने बुजवा. पण आधी ओल आणि मग फटी. ओल ठेवून फट बुजवली तर ते दुसरी फट शोधतात.

पाच, आपल्या आज्यांचं ऐका. दुभत्याच्या कपाटाच्या चार पायांखाली पाण्याच्या चार वाट्या ठेवायची पद्धत काही उगीच नव्हती. गुळाचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवला की एकही मुंगळा लागत नाही, खर्च शून्य. पाणी मात्र एक दिवसाआड बदला, डास होतात.

सहा, एवढं करूनही घर सापडत नसेल तर आमिष. औषधाच्या दुकानात बोरिक पावडर मिळते, कॅरमच्या बोर्डावर टाकतात तीच. दोन कप पाण्यात दहा चहाचे चमचे साखर आणि एकच सपाट चमचा बोरिक पावडर विरघळवायची. कापसाचा बोळा त्यात भिजवून झाकणात, मुंगळ्यांच्या वाटेवर ठेवायचा. मुंगळ्यांना दोन पोटं असतात म्हणा ना. एक स्वतःचं आणि एक सगळ्यांचं. त्या दुसऱ्या पोटातून ते घरी जाऊन एकमेकांना तोंडाने भरवतात. त्या भरवण्यातून औषध राणीपर्यंत जातं. म्हणून ते कमजोरच हवं. जास्त घातलं तर मुंगळा वाटेतच मरतो आणि आत काही पोहोचत नाही. दोन-तीन आठवडे धीर धरावा लागतो आणि त्या काळात शेजारी फवारा मारायचा नाही, नाहीतर ते आमिषाकडे फिरकणारच नाहीत.

आणि हे मी लाल शाईने लिहिलं असतं. बोरिक पावडरही पोटात गेली तर विषच. लहान मूल, कुत्रं, मांजर, कोंबड्या असलेल्या घरात हे आमिष त्यांचा हात किंवा तोंड पोहोचेल अशा जागी ठेवूच नका. त्यासाठी वापरलेला चमचा-वाटी पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका. मुंग्यांचा खडू मिळतो, तोही कीटकनाशकच. तो पाटीवरच्या खडूसारखा दिसतो, हाच त्याचा धोका. शेतातलं औषध घरात कधीच नाही. आणि चुकून मुलाच्या तोंडात काही गेलंच तर स्वतः उलटी करवू नका, तोंड पुसा, हात धुवा आणि पाकीट हातात घेऊन दवाखाना गाठा.

सगळेच शत्रू नाहीत

अंगणातले मुंगळे मी आता मारत नाही. ते माती भुसभुशीत करतात, मेलेले किडे उचलून नेतात आणि वाळवीचे सगळ्यात मोठे वैरी कोण, तर मुंग्याच. सासूबाई चातुर्मासात झाडाच्या बुंध्याशी चिमूटभर पीठ-साखर घालतात, ते मी पूर्वी हसण्यावारी न्यायचे. आता म्हणते, घाला आई, पण कुंपणापाशी, भिंतीपाशी नको. बाहेर त्यांचं घर, आत आपलं. आत येऊ लागले तर रागावण्याआधी एकदा भिंतीला हात लावून बघायचा, कारण बहुतेक वेळा ते आपल्याला काहीतरी सांगत असतात. आम्हाला आमच्या नळाचा पत्ता त्यांनी दिला. आणखी दोन पावसाळे गेले असते तर चौकट दारासकट खाली आली असती.

या नागपंचमीला चून करून झाल्यावर जाऊने परात मोठ्या थाळ्यातल्या पाण्यात ठेवली. बाळ आता सव्वाचार वर्षांचं झालंय. ते ओट्यापाशी उकिडवं बसून म्हणालं, “काकी, हा बघ मुंगळा, त्याला पोहता येत नाही.” जाऊ हसली. मीही हसले, पण तळवे बघायची माझी सवय अजून गेलेली नाही.

तो बिननावाचा डबा मी त्या वेळी दवाखान्यातून आल्या आल्या घराबाहेर काढला आणि कृषी सेवा केंद्रात विचारून, ते म्हणाले तशी त्याची विल्हेवाट लावली. आता गटाच्या दर महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले की मी एक प्रश्न विचारते, “बायांनो, घरात नाव नसलेला डबा किती जणींकडे आहे?” पहिल्या बैठकीला सतरापैकी अकरा हात वर झाले होते. तुमच्या घरात किती आहेत? आज दुपारी माळ्यावर एकदा बघाच.